टेंगूळ, उलटी आणि सीटी स्कॅन: मुलाचं डोकं आपटल्यावर काय बघायचं?

रात्रीचे सव्वानऊ झाले होते. दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आजीच्या खांद्यावर दीड वर्षाची नात, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आईचे डोळे रडून लाल झालेले. आणि वडिलांचं पहिलंच वाक्य, "मॅडम, सीटी स्कॅन कुठे करायचा तेवढं सांगा, लगेच निघतो."

पोरगी पाऊण तासापूर्वी दिवाणावरून फरशीवर पडली होती. पडल्या पडल्या रडली, आईने घेतल्यावर शांत झाली. वडील मला हे सगळं सांगत होते तेव्हा ती माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढून तोंडात घालायचा प्रयत्न करत होती.

त्या रात्री मी सीटी स्कॅन करायला सांगितला नाही. तिला दोन-अडीच तास बाकड्यावर, आईच्या मांडीवर बसवून ठेवलं आणि दर थोड्या वेळाने बघत राहिले. वडिलांना ते पटायला वेळ लागला. "मशीन आहे, पैसे द्यायची तयारी आहे, मग नुसतं बघत का बसायचं?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर घाईच्या वेळी दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

## ताकातला लोण्याचा गोळा

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते उंचीच्या आठव्या भागाच्या आसपास येतं. म्हणजे लहान मूल वरच्या बाजूला जड असतं, आणि मानेचे स्नायू अजून पुरते घट्ट झालेले नसतात. म्हणून तोल गेला की आधी डोकं खाली येतं. यात तुमचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. चालायला शिकणारं प्रत्येक मूल डोक्यावर आपटतं.

आता आत काय होतं ते बघू. ताक घुसळल्यावर भांड्यात लोण्याचा गोळा तरंगतो, तसा मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. भांड्याला धक्का बसला की तीन गोष्टी होऊ शकतात. भांड्याला चीर जाईल. गोळा कडेवर आपटून चेपेल. किंवा भांडं आणि गोळा दोन्ही वरून जसेच्या तसे दिसतील, पण गोळा आतून हलून गेलेला असेल. पहिलं म्हणजे कवटीचं फ्रॅक्चर. दुसऱ्यात मेंदूला जखम होते किंवा आत रक्त साचतं. तिसऱ्याला मी या लेखात 'हादरा' म्हणणार आहे. क्रिकेटच्या समालोचनात ज्याला कन्कशन म्हणतात, तो हाच.

टेंगूळ या तिन्हींपैकी काहीच नाही. ते भांड्याच्या बाहेरच्या कापडावरचं रक्त. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे सूज झटकन येते आणि छोटी खोक पडली तरी शर्ट भिजतो. बघणाऱ्याचे पाय गळतात, पण टेंगळाच्या आकारावरून आतलं काही कळत नाही. त्याची जागा मात्र बोलते. कपाळावरचं टणक टेंगूळ सगळ्यात कमी काळजीचं. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे, हाताला मऊ, पिलपिलीत लागणारी सूज असेल तर मी सावध होते, कारण तिच्याखाली फ्रॅक्चर असण्याची शक्यता वाढते. केसांत लपल्यामुळे ती पुष्कळदा घरच्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून बाळ पडलं की कपाळाकडे बघून थांबू नका, सगळ्या डोक्यावरून हलक्या हाताने बोटं फिरवा.

## "पडल्यावर तर चांगला खेळत होता, मग रात्री अचानक कसा बिघडला?"

असं होतं. क्वचित होतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात कायमचं बसतं.

कानाच्या वर, कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. तिथे हाड मोडून ती फाटली, तर कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचायला लागतं. भरलेल्या एसटीत आणखी माणसं चढली तर काय होतं आठवा. सुरुवातीला लोक सरकतात, कोणी बॅग मांडीवर घेतं, कोणी दांडीला लटकतं, आणि दहा जण सहज मावतात. मग एक क्षण असा येतो की अकराव्या माणसाला दारही लावता येत नाही. कवटीतही आधी मेंदूभोवतीचं पाणी आणि शिरांमधलं रक्त सरकून जागा करून देतं. तोवर मूल बोलतं, खेळतं. सरकायची जागा संपली की दाब भराभर चढतो, आणि मूल तास-दोन तासांत गुंगीत जाऊ शकतं.

तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, कवटीचे सांधेही जुळलेले नसतात. त्यामुळे त्याच्या एसटीला थोडी जास्त जागा असते. म्हणून त्याची लक्षणं उशिरा आणि अस्पष्ट दिसतात: दूध ओढत नाही, सारखं किरकिरतं, टाळू फुगून वर येते.

वेळ घालवून बघणं, हीच एक तपासणी आहे, असं मी म्हणते ते यासाठी. आत रक्त साचत असेल तर ते बहुधा पहिल्या काही तासांत वागण्यात उमटतं. त्या तासांत कोणीतरी सतर्क माणूस मुलासमोर हवा.

## डॉक्टर नुसते गप्पा मारतात असं वाटतं तेव्हा

मुलाला मी नाव विचारते, शाळेत डब्यात काय होतं ते विचारते, टॉर्च दाखवते, चालायला लावते. हे सगळं मापन आहे. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहॅम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्धीवर असणं मोजायची एक पट्टी मांडली. डोळे कसे उघडतात याला ४ गुण, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६. पूर्ण सावध माणसाचे १५, आणि कमीत कमी ३. ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोलण्याच्या जागी रडणं, हुंकार देणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होणं बघतात. आठ किंवा त्याखाली गुण म्हणजे गंभीर इजा, श्वास सांभाळण्याची वेळ.

सुदैवाने आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे १४ किंवा १५ असतात. खरा पेच यांच्याच बाबतीत असतो, कारण त्यांच्यातल्या एखाद्याच्याच आत काहीतरी असतं. तो एक हुडकायचा कसा?

## ४२ हजार मुलांनी शिकवलेलं

२००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास आला. डोक्याला मार लागून २४ तासांच्या आत आलेली, पण सावध असलेली ४२,४१२ मुलं त्यात होती. त्यांतल्या ३७६ जणांना खरोखर महत्त्वाची इजा निघाली, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती ६० जणांना. सीटी स्कॅन मात्र तीनांतल्या एकाहून जास्त मुलांचा झाला होता.

कोणत्या खुणा नसतील तर स्कॅनशिवाय निर्धास्त राहता येतं, हे त्यांनी यातून शोधलं. दोन वर्षांखालच्या बाळात बघायचं ते असं: मूल सुस्त किंवा गोंधळलेलं आहे का, कपाळ सोडून इतरत्र सूज आहे का, पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपली होती का, हाताला हाड खचल्यासारखं लागतं का, मार जोराचा होता का. आणि शेवटचा प्रश्न मला फार आवडतो: आई-वडिलांना मूल नेहमीसारखं वाटतंय का? "मॅडम, हा असा नसतो," हे आईचं वाक्य या नियमात अधिकृतपणे मोजलं जातं. म्हणून ते बोलायला लाजू नका. मोठ्या मुलांत सुस्ती किंवा गोंधळ, शुद्ध हरपणं (थोडा वेळही), उलट्या, जोरदार डोकेदुखी, कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर झाल्याच्या खुणा आणि माराचा जोर बघतात. कवटीच्या तळाच्या खुणा म्हणजे कानामागे काळंनिळं होणं, दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं.

यांतलं काहीच नसेल, तर महत्त्वाची इजा असण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी उरते. शुद्ध नेहमीसारखी नसेल किंवा फ्रॅक्चरची खूण असेल, तर सीटी लगेच. आणि यांमधल्या अवस्थेत, म्हणजे एखादीच खूण असेल आणि मूल छान असेल, तर मार लागल्यापासून चार-सहा तास डोळ्यांसमोर ठेवून मग ठरवणं योग्य ठरतं.

जोराचा मार म्हणजे किती? दोन वर्षांखाली तीन फुटांहून उंचावरून, त्यापुढे पाच फुटांहून उंचावरून पडणं. तसंच पायी किंवा विना हेल्मेट सायकलवर असताना वाहनाची धडक बसणं. घरातला दिवाण दीड-दोन फुटांचा, त्यामुळे ती दीड वर्षाची पोरगी या हिशेबात बसत नव्हती. स्वयंपाकाचा ओटा मात्र तीन फुटांच्या अगदी जवळ येतो. पोळ्या लाटता लाटता बाळाला शेजारी ओट्यावर बसवायची सवय असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

तालुक्याच्या गावी आणखी एक हिशेब असतो. शहरात सीटी मशीन दुसऱ्या मजल्यावर असतं. आमच्याकडून ते घाट उतरून दीड तासावर. शंका मध्यम असेल तरी मी मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते, आणि पाठवताना सांगते की लक्ष ठेवायचं तेही तिथेच ठेवा. रात्री एक वाजता मूल बिघडलं तर ते मशीनजवळ असावं, घाटात नसावं.

## "पण काढून टाकला तर बिघडतं काय?"

सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेले मेंदूचे काप. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, आकाश, अन्न यांतून जगभरातल्या सरासरी माणसाला वर्षभरात जेवढा मिळतो, त्याच्या जवळपास. मोठ्या माणसाच्या दृष्टीने हे फार नाही. मुलांच्या पेशी मात्र वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून अंदाज निघाला की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचे स्कॅन केले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाची एक आणि मेंदूच्या गाठीची एक केस जास्तीची होते.

एका मुलापुरता हा धोका छोटाच. म्हणून गरज असेल तेव्हा सीटीला घाबरून नाही म्हणणं ही मोठी चूक ठरेल. आत रक्त साचत असेल तर ते दाखवणारं, काही मिनिटांत होणारं दुसरं काही आपल्या हाताशी नाही. पण ज्या मुलात इजेची शक्यताच हजारात एकाहून कमी आहे, तिथे निव्वळ आपल्या मनाच्या समाधानासाठी हा खर्च मुलाच्या शरीराने का करावा? शिवाय वर्ष-दीड वर्षाचं मूल यंत्रात स्थिर पडून राहत नाही, पुष्कळदा त्याला गुंगीचं औषध द्यावं लागतं. मग ते मूल औषधाने सुस्त आहे की माराने, हे ओळखणंच अवघड होऊन बसतं.

साधा एक्स-रे का नको? तो फार तर हाडाची चीर दाखवतो, मेंदू दाखवत नाही. चीर नसतानाही आत रक्त असू शकतं. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण वेळ बराच लागतो, म्हणून तातडीच्या वेळी तो सहसा कामाचा नाही.

## झोपू द्यायचं का?

द्यायचं. "डोक्याला मार लागलाय, झोपू देऊ नका" हे घरोघरी सांगितलं जातं, आणि बिचारं दमलेलं लेकरू थोपटून थोपटून जागं ठेवलं जातं. झोपेने मेंदूतलं रक्त वाढत नाही. भीती एवढीच असते की गुंगीलाच आपण झोप समजू. मुलाची नेहमीची झोपायची वेळ असेल, रडून दमलं असेल, तर झोपू द्या. श्वास, रंग आणि झोपण्याची ढब नेहमीची आहे ना, हे अधूनमधून बघा. पहिल्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं असेल तर एकदा-दोनदा हलवा. वैतागून कूस बदलली, हात झटकला, "झोपू दे ना" म्हणालं, की झालं. हलवूनही जागं झालं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही.

एखादी उलटी मुलांना माराने, रडण्याने, घाबरण्यानेही होते. पण दोन-तीनदा झाली, किंवा डोकेदुखी वाढत चालली, चालताना झोक जायला लागला, बोलणं अडखळलं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, आकडी आली, तर थेट रुग्णालय गाठा. तीन महिन्यांखालचं बाळ पडलं असेल तर लक्षण नसलं तरी एकदा दाखवाच. दुखण्यावर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

आणि एक विनंती. खोकेत हळद दाबू नका, कॉफी पावडर तर नकोच. स्वच्छ कापड धरून दहा मिनिटं घट्ट दाबा, सारखं उचलून बघू नका. टाके घालताना तीच हळद खरवडून काढावी लागते आणि मूल त्या वेळी जास्त ओरडतं. आकडीत कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. उंचावरून पडून बेशुद्ध झालेल्या मुलाला बखोटीला धरून उचलू नका. मानेलाही मार असू शकतो. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून १०८ ला फोन करा.

## सीटी नॉर्मल आला, तरी पोरगा पहिल्यासारखा का नाही?

गेल्या वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा आला. सीझन बॉल कानाच्या वर लागला होता. शहरात स्कॅन झाला, रिपोर्ट स्वच्छ. चौथ्या दिवशी आई घेऊन आली, म्हणाली, "पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबतो. टीव्हीचा आवाज सहन होत नाही. उगाच चिडतो. घरचे म्हणतात नाटकं करतोय."

तो नाटक करत नव्हता. हा तो हादरा. स्कॅन मेंदूचा आकार दाखवतो, कामकाज दाखवत नाही. धक्क्यानंतर मेंदूच्या पेशींना आतलं बिघडलेलं गणित सावरायला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा थोडा मंदावतो. मागणी वाढलेली, पुरवठा कमी: आपल्या भाषेत भारनियमन. एकेक पंखा-दिवा चालतो, पण मोटर, मिक्सर आणि टीव्ही एकदम लावले की फ्यूज उडतो. गणित, गोंगाट आणि मोबाईल एकदम आले की या मुलांचं तेच होतं.

शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. हादऱ्याची बहुतेक मुलं बेशुद्ध झालेली नसतात. मार थेट डोक्याला लागलाच पाहिजे असंही नाही, आणि लक्षणं लगेच दिसतीलच असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्यांत तो पास झाला, परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसली आणि त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. इतक्या तज्ज्ञांच्या नजरेखाली असलेल्या माणसाचं हे, तर आपल्या मैदानावरच्या पोराचं काय!

## विश्रांती, पण अंधारी खोली नको

पूर्वी आम्हीच सांगायचो: आठवडाभर अंथरुणात, वाचन नाही, काही नाही. आता ते मागे पडलं आहे. पहिले एक-दोन दिवस सावकाशीने घ्यायचं, मोबाईल-टीव्ही कमीत कमी, पण घरात फिरणं, गप्पा, अंगणात चालणं सुरू ठेवायचं. फार दिवस कोंडून ठेवलेली मुलं उलट उशिरा बरी होतात. त्यानंतर आधी शाळा, मग खेळ. शाळाही अर्धा दिवस, मधे डोकं टेकायची मुभा, त्या आठवड्यात चाचणी नको. मी वर्गशिक्षकांच्या नावे चिठ्ठी देते, कारण डोक्याला पट्टी नसलेलं मूल आजारी आहे हे शाळेला पटत नाही.

खेळ पायरीपायरीने: चालणं, मग धावणं, मग एकट्याने सराव, मग संघाबरोबर, आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं वाढली की एक पायरी मागे. बहुतेक मुलं महिनाभरात पूर्ववत होतात. ज्या दिवशी मार लागला त्या दिवशी मात्र पुन्हा मैदानात अजिबात नाही. पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला तर मुलांच्या मेंदूला क्वचित अशी भयंकर सूज येते की हाताशी काहीच उरत नाही. शनिवारच्या सामन्यासाठी ही जोखीम कोणत्याही प्रशिक्षकाने घेऊ नये.

तो अकरा वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांनी परत खेळायला लागला. त्याच्या आईने वहीत रोजचं लिहून आणलं होतं: किती वाजता डोकं दुखलं, किती पाढे सलग म्हटले. मला तिच्या वहीने सीटीपेक्षा जास्त सांगितलं.

## जे टाळता येतं

तान्हं बाळ थांबता थांबत नाही म्हणून रागाने गदागदा हलवलं, तर न आपटताही त्याच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. रात्री तीन वाजता संयम सुटणं मी समजू शकते. अशा वेळी बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाहेर जा, कोणाला तरी उठवा. चाकांचा वॉकर घरात आणूच नका. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यात बसलेली बाळं जिन्यावरून गडगडत खाली जात होती. गोविंदा पथकात सगळ्यात वर लहान मूल चढवायचं, तर १४ वर्षांखालच्यांना घेणार नाही असं राज्य सरकारनेच २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगितलेलं आहे. चौथ्या थरावरची उंची पाच फुटांच्या कितीतरी पुढे जाते.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती स्कूटरवर बाबांच्या पुढे उभ्या असलेल्या मुलाची. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, मुलाच्या डोक्यावर माकडटोपी. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट लागतंच. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, आणि असं मूल असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हेल्मेट घेताना मुलाला दुकानात बरोबर न्या. "वाढतं अंग आहे" म्हणून शाळेचा गणवेश मोठा घेतो तसं इथे करायचं नाही. पट्टा लावून मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये.